म्हातारपणातलं डिप्रेशन : गोळीच्या आधीची आणि नंतरची शुश्रूषा

"डॉक्टर, आईने हाय खाल्लीय असं सगळे म्हणतात. त्याला औषध असतं का?"

गेल्या महिन्यात क्लिनिकमध्ये एका मुलीने हा प्रश्न विचारला. मला तो फार आवडला. हाय खाणे, अंथरूण धरणे, जीव न रमणे, खंगत जाणे, अंगात त्राण नसणे हे शब्द आपल्याकडे डिप्रेशन या शब्दाच्या कितीतरी आधीपासून आहेत. म्हणजे आजार आपल्या लोकांना दिसत होता. त्यावर काय करायचं हे मात्र ठाऊक नव्हतं, आणि ते कळायला जगाला फार वेळ लागला. आजचा लेख त्या इतिहासाबद्दल आहे. औषधांचा इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, म्हणून मी मुख्यतः शुश्रूषेबद्दल लिहिणार आहे. उदास झालेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ कोण बसलं, त्याने काय केलं आणि त्याचा उपयोग झाला का, एवढंच.

आधी माझी एक चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरीवली पश्चिमेला राहणारे एक आजोबा माझ्याकडे यायचे, वय 74. सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलेलं. पत्नी वारल्यावर मुलाने त्यांना बोरीवलीला आपल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. तक्रारी ठरलेल्या: पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, कंबर दुखते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मी आठ महिने त्यांना बद्धकोष्ठतेचं चूर्ण, टॉनिक, कंबरेचं मलम आणि मुलाच्या आग्रहाखातर झोपेच्या गोळ्या देत राहिलो. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, सगळं "वयाच्या मानाने ठीक" आलं. एकदाही विचारलं नाही की, आजोबा, मन कसं आहे? पत्नी गेली आहे, जागा बदलली आहे, दुःख तर असणारच, असं मी धरून चाललो होतो.

म्हातारपणातलं डिप्रेशन निसटतं ते नेमकं इथे. दुःखाला कारण सापडलं की आपण आजार शोधायचं थांबवतो.

एकदा त्यांच्या नडगीला जखम झाली आणि ड्रेसिंगसाठी मी आमच्या क्लिनिकमधल्या सिस्टरना घरी पाठवायला लागलो. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सर, जखम भरतेय, पण माणूस भरत नाहीये." त्यांनी पाहिलं होतं की दहा-बारा दिवसांचे पेपर घडीसुद्धा न मोडता कोपऱ्यात पडून आहेत, चष्म्याची काडी तुटलीय आणि ती दुरुस्त करा असं आजोबांनी कोणाला सांगितलेलं नाही, जेवण ताटात तसंच आहे. आणि चूर्णाच्या रिकाम्या डबीत झोपेच्या गोळ्या साठवलेल्या आहेत. मीच लिहून दिलेल्या.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आता मागे जाऊ. आपल्या जुन्या वैद्यकात मनाच्या खचण्याची दखल आहे. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेने विषादाला पहिलं स्थान दिलंय. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती चिकित्सेच्या चार पायांची कल्पना: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक त्यात मदतनीस म्हणून नाही, बरोबरीचा पाय म्हणून येतो आणि त्याचे चार गुण सांगितले आहेत. शुश्रूषेचं ज्ञान, कामातली तत्परता, रोग्याबद्दल आपुलकी आणि स्वच्छता. शुश्रूषा हा शब्दही बघा. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्यावरून तो बनला. सेवा, चाकरी हे अर्थ त्याला नंतर चिकटले.

प्रत्यक्षात मात्र शतकानुशतकं ही शुश्रूषा घरातल्या बाईवर पडली. सून, लेक किंवा त्या घरात आश्रयाला राहिलेली विधवा आत्या. तिने केलेल्या कामाची नोंद कुठेच नाही, त्यामुळे त्या इतिहासाबद्दल लिहिण्यासारखं फारसं हाती लागत नाही. ती बाई स्वतः म्हातारी होऊन उदास झाली तर तिच्याजवळ कोण बसायचं, हा प्रश्न तर कोणी विचारलेलाच दिसत नाही.

सरकारी इतिहास सुरू होतो तो कोंडण्यापासून. मुंबईत एकोणिसाव्या शतकात कुलाब्याला वेड्यांचं इस्पितळ होतं. 1901 मध्ये ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं. मुंबईकरांच्या तोंडी "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा तिथून आली, पुणेकरांनी त्यासाठी येरवडा वापरलं. त्या काळच्या मनोरुग्णालयांत मेलँकोलिया हे निदान होतं, पण रुग्णाजवळ असायचा तो राखणदार. दार सांभाळणं, पळून जाऊ न देणं, मारामारी सोडवणं हे त्याचं काम. शांतपणे भिंतीकडे बघत बसलेल्या म्हाताऱ्याचा राखणदाराला काहीच त्रास नसतो, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही. गंमत म्हणजे घरातही हेच होतं. त्रास देणारा पेशंट डॉक्टरकडे लवकर येतो, गप्प बसणारा उशिरा.

नर्सिंगचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नर्सिंगवरचं छोटं पुस्तक 1859 चं. त्यात हवा, उजेड, स्वच्छता आहेच, पण दोन प्रकरणं आज मी डिप्रेशनच्या पेशंटच्या नातेवाइकांना वाचायला देईन. एकात ती सांगते की महिनोन्‌महिने त्याच भिंती, तेच छत बघत पडून राहणं ही रुग्णाला एक शिक्षा असते. रंग, फुलं, खिडकीतून दिसणारं काहीतरी, हे लाड नव्हेत, ही गरज आहे. दुसऱ्यात ती भेटायला येणाऱ्यांवर तुटून पडते. काही झालेलं नाही तुम्हाला, लवकर बरे व्हाल, मन घट्ट करा, असं सांगणाऱ्यांनी रुग्णाला किती थकवा येतो हे तिने फार तिखटपणे लिहिलंय. आपल्याकडे "अहो आजी, हसत राहा, देवाचं नाव घ्या, आमच्याकडे बघा" म्हणणारी मंडळी घरोघरी असतात. देवाचं नाव घ्यायला माझी ना नाही. पण ज्याला चहाचा कप उचलायचा कंटाळा आलाय त्याला हसायला सांगणं म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला चाल म्हणण्यासारखं आहे.

मुंबईत नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं, साल 1891. त्या काळात परक्या माणसाचं मलमूत्र काढणं, परजातीच्या अंगाला हात लावणं याला समाजात काय किंमत होती हे वेगळं सांगायला नको. पुढे रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने मुलींना, त्यात विधवांनाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. घरात फुकट शुश्रूषा करणारी विधवा आणि पगार घेऊन शुश्रूषा करणारी नर्स यांच्यातलं अंतर त्या मुलींनी ओलांडलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या आरोग्याच्या इतिहासातली ही फार मोठी आणि फार कमी बोलली जाणारी घटना आहे.

मात्र हे शिक्षण ताप, बाळंतपण, जखमा आणि ऑपरेशन यांचं होतं. मनाच्या आजाराची शुश्रूषा त्यात यायला खूप काळ जावा लागला. मुंबईत पहिलं पाऊल पडलं ते 1938 मध्ये. जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसाणी यांनी मानसोपचाराचा विभाग सुरू केला. साध्या रुग्णालयात, हाडांच्या आणि डोळ्यांच्या ओपीडीशेजारी, मनाची ओपीडी. आज यात विशेष वाटत नाही. पण "ठाण्याला" न जाता मनाचा डॉक्टर भेटू शकतो हे त्यामुळे शक्य झालं. म्हाताऱ्या माणसाला तर याचा दुहेरी फायदा, कारण त्याचं डिप्रेशन बहुधा पोट, सांधे नाहीतर हृदयाच्या तक्रारीचा हात धरूनच येतं.

त्याच वर्षी रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा उपचार सुरू केला. सिनेमांनी याला फार बदनाम केलंय. पूर्वी भूल न देता शॉक देत, ते भयंकरच होतं. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध यांशिवाय तो देण्यावर बंदी घातली आहे. खाणं-पिणं पूर्ण सोडलेल्या, डिप्रेशनमध्ये भास होणाऱ्या वृद्धाला आजही हा उपचार झपाट्याने बाहेर काढू शकतो. पण इथेही आधी उपाशी ठेवणं, कवळी काढणं, शुद्धीवर येताना हात धरून "तुम्ही कुठे आहात" ते सांगणं हे सगळं नर्सकडे असतं.

1950 चं दशक सगळ्यात मोलाचं. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या क्षयरोग रुग्णालयात एका नव्या औषधाने पेशंट फुफ्फुसं सुधारण्याआधीच उत्साही दिसू लागले. ते औषध इप्रोनियाझिड, आणि डिप्रेशनवरच्या पहिल्या गोळ्यांपैकी ती एक ठरली. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला, 1957 मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. त्याच 1952 मध्ये हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सचं पुस्तक आलं. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचार आहे, असं तिचं म्हणणं. नर्स आधी परकी असते, मग ओळखीची होते, मग पेशंट तिच्या आधाराने स्वतःचे प्रश्न सोडवायला लागतो आणि शेवटी तिची गरज संपते. ही शेवटची पायरी मला फार महत्त्वाची वाटते. शुश्रूषा संपली पाहिजे. पेशंटला कायमचं परावलंबी करणारी सेवा ही चांगली सेवा नव्हे.

आणि 1955 मध्ये इंग्लंडच्या मार्टिन रॉथ यांनी म्हातारपणातल्या मनोविकारांचा पाठपुरावा करून एक साधी गोष्ट सिद्ध केली. तोवर समज होता की साठीनंतर डोकं बिघडलं म्हणजे मेंदू झिजला, आता काही होणार नाही. आपली "साठी बुद्धी नाठी" हीच समजूत. रॉथ यांनी मनोरुग्णालयात दाखल झालेल्या साठीपुढच्या पेशंटचं पुढे काय झालं ते पाहिलं. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटपैकी बहुतेक जण दोन वर्षांत दगावले होते. उदासीच्या पेशंटपैकी बरेच जण सहा महिन्यांत बरे होऊन घरी गेले होते. हे दोन वेगळे आजार होते आणि त्यातला एक बरा होणारा होता. तोपर्यंत किती जणांना "वय झालं" म्हणून कोपऱ्यात बसवलं गेलं असेल याचा हिशेब कोण ठेवणार?

त्याच दशकात भारतात एक विलक्षण प्रयोग झाला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. घरच्यांनी शुश्रूषा शिकायची, आजार समजून घ्यायचा आणि पेशंटला घेऊन घरी जायचं. पाश्चात्त्य देशांत नातेवाईक भेटीच्या वेळेपुरते येत असताना इथे ते उपचाराचा भाग झाले. आज तुमच्या घरी येणारी ब्यूरोची मावशी आणि तुम्ही मिळून जे करता, त्याचं मूळ मला त्या तंबूंमध्ये दिसतं.

आता मुंबईच्या उपनगराकडे येतो, कारण इथे घरांची रचनाच बदलली. 1957 मध्ये दहिसरपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. बोरीवली तेव्हा वाड्यांचं, शेतांचं गाव होतं: वझिरा, एक्सर, शिंपोली, बाभई, मागाठाणे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरगाव, दादर, परळ, लालबागमधली मराठी कुटुंबं रेल्वेलाइनच्या कडेने उत्तरेला सरकत आली. 1982 च्या गिरणी संपानंतर तर चाळीतली खोली विकून उपनगरात ब्लॉक घेणं ही रीतच झाली. तरुणांना स्वतःचं बाथरूम मिळालं, मुलांना अभ्यासाची खोली. म्हाताऱ्यांनी गॅलरी गमावली.

चाळीचं कौतुक मला अति करायचं नाही. तिथे भांडणं होती, खासगीपण नव्हतं, आणि उदास म्हाताऱ्याला "नाटकं करतो" म्हणणारे शेजारीही होते. पण पहाटे नळावर न आलेल्या माणसाची चौकशी व्हायची. सकाळी दार उघडं नसलं की कोणीतरी कडी वाजवायचं. नर्सिंगमध्ये ज्याला निरीक्षण म्हणतात ते चाळ फुकटात करत होती. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला सेफ्टी डोअर असतं, आणि मुलगा-सून सकाळी सात बावन्नच्या फास्टने गेले की रात्री आठपर्यंत ते बंद असतं.

मराठी रंगभूमीने हे फार लवकर ओळखलं. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' 1973 चं. मुलांविना उरलेलं म्हातारं जोडपं शेवटी आयुष्य संपवायचं ठरवतं. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडत आणि परदेशी गेलेल्या मुलांना बोल लावत. डॉक्टर म्हणून मला त्या नाटकाबद्दल नेहमी वाटतं की त्याने आपल्याला एकटेपणा दाखवला आणि आपण त्यावर हळहळलो, पण ही अवस्था बरी होऊ शकते हे आपण त्यातून घेतलं नाही. एकटेपणावर औषध नाही. डिप्रेशनवर आहे. दोन्ही एकाच घरात असतात म्हणून ते एकच आहेत असं नाही.

त्यानंतरच्या काळात ज्येष्ठ नागरिक संघ निघाले, बागांत नाना-नानी पार्क आणि कट्टे झाले, मुंबईत 1995 मध्ये डिग्निटी फाउंडेशनसारखी संस्था उभी राहिली. नॅशनल पार्कात सकाळी पास काढून फिरणारे आमचे बोरीवलीकर आजी-आजोबा तर तुम्ही पाहिलेच असतील. या सगळ्याचा उपयोग आहे. अडचण एवढीच की ज्याला डिप्रेशन आलंय तो कट्ट्यावर येतच नाही. तो यायचा थांबला, हीच पहिली खूण. ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती असते की वाढदिवसांच्या यादीबरोबर गैरहजेरीचीही यादी ठेवा.

हे डिप्रेशन किती आहे? 2017-18 च्या देशव्यापी वृद्धत्व पाहणीत, म्हणजे 'लासी'त, साठीवरच्या लोकांची नीट प्रश्न विचारून तपासणी केली तेव्हा 8.3 टक्के लोकांत डिप्रेशनची लक्षणं आढळली. आणि डॉक्टरने डिप्रेशन सांगितलंय असं स्वतः म्हणणारे किती? 0.8 टक्के. साधारण दहातल्या नऊ जणांचा आजार कोणी ओळखलेलाच नाही. माझे आजोबा त्या नऊतले होते आणि ते दर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर बसत होते.

ओळखण्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत येसावेज आणि सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी प्रश्नावली केली, आधी तीस प्रश्नांची, मग पंधरांची. उत्तर फक्त हो किंवा नाही. तिची खुबी अशी की झोप, भूक, थकवा यांवर ती भर देत नाही, कारण ते म्हातारपणी इतर आजारांनीही बिघडतात. आयुष्यात समाधान आहे का, कंटाळा येतो का, असहाय वाटतं का, असं ती विचारते. नर्स, आशाताई किंवा शिकवलेली कार्यकर्तीही ती वाचून दाखवू शकते. अर्थात प्रश्नावलीने संशय येतो, निदान होत नाही. थायरॉइड, बी-12, रक्तातली साखर, चालू औषधं, ऐकू न येणं, सुरुवातीचा स्मृतिभ्रंश, हे सगळं डॉक्टरने बघायचं असतं.

शुश्रूषेने नक्की किती फरक पडतो याची उत्तरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच मिळाली. अमेरिकेत 2002 मध्ये 'इम्पॅक्ट' नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. साठीवरचे 1801 डिप्रेशनचे पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांच्या दिमतीला फॅमिली डॉक्टरच्याच दवाखान्यात एक खास नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ. ती फोन करायची, गोळ्या घेतल्या का विचारायची, एकेक अडचण हातात घेऊन ती सोडवायला शिकवायची, गुण नसेल तर डॉक्टरच्या मागे लागायची. वर्षाअखेर लक्षणं निम्म्याने कमी झालेले पेशंट तिच्या गटात 45 टक्के होते, नेहमीच्या उपचारांत 19 टक्के. गोळ्या दोन्हीकडे उपलब्ध होत्या. पाठपुरावा एकीकडेच होता.

पण मला जास्त अभिमान वाटतो तो आपल्या शेजारच्या गोव्याचा. तिथे 'संगात' ही संस्था 1996 पासून काम करते. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साठीवरचे 181 लोक घेतले, ज्यांना उदासीची सुरुवात होती पण पूर्ण डिप्रेशन नव्हतं. निम्म्यांना भेटायला जे समुपदेशक गेले ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं होतं. त्यांनी काय केलं? अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजाराची काळजी घ्यायला लावली, सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत केली. वर्षभरात या गटातल्या 4.4 टक्के लोकांना डिप्रेशन झालं, दुसऱ्या गटात 14.4 टक्के. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं नाव 'दिल'. अभ्यास छोटा आहे हे खरं, पण निराधार योजनेचा अर्ज भरून देणं हीसुद्धा डिप्रेशनची शुश्रूषा असते, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलं नव्हतं.

आता आजोबांकडे. सिस्टरनी डबी माझ्या टेबलावर ठेवली त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांना सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" हा प्रश्न विचारला तर डोक्यात नसलेला विचार येईल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुम्ही विचारलंत, बरं केलंत." मुलाला सांगून घरातली सगळी औषधं कुलपात ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली.

आणि इथून पुढे सहा आठवडे जे काम झालं ते सिस्टरचं. ते तपशिलाने लिहितो, कारण कागदावर ते फार किरकोळ दिसतं. पहिल्या दिवशी त्या चष्मा दुरुस्त करून घेऊन आल्या. गोळी समोर बसून द्यायच्या आणि गिळल्यावर दोन मिनिटं तिथेच थांबायच्या. पहिले पंधरा दिवस गोळीचा गुण दिसत नाही, मळमळ मात्र दिसते. अशा वेळी वृद्ध माणूस औषध सोडतो, म्हणून ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर अशी दोनदा रक्तदाबाची नोंद, कारण चक्कर येऊन पडले तर खुब्याचं हाड मोडायचं. अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले तर मला लगेच फोन करायचा, हे ठरलं होतं. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम कधीकधी घसरतं. तिसऱ्या आठवड्यात ते जरा हिंडू-फिरू लागले तेव्हा घरचे निर्धास्त झाले आणि सिस्टर जास्त सावध. मन सुधारायच्या आधी अंगात ताकद येते आणि तो काळ धोक्याचा असतो, हे त्यांना माहीत होतं.

बाकी सगळं ताटाएवढं आणि पावलाएवढं. पूर्ण ताट वाढायचं नाही, अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी, पण चार वेळा. आज खिडकीपर्यंत, उद्या लिफ्टपर्यंत, परवा खाली सोसायटीच्या बाकावर दहा मिनिटं. दुपारी झोपू द्यायचं नाही. "बरं वाटतंय का?" असं त्या विचारत नसत, कारण त्याला उत्तर "नाही" असंच यायचं. त्या विचारायच्या, "काल किती घास गेले?" रोज दहा मिनिटं खुर्ची ओढून नुसत्या बसायच्या. पाचव्या दिवशी आजोबा त्यांना पत्नीबद्दल बोलले. मला आठ महिन्यांत ते नाव कळलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात सिस्टरनी जाणं कमी केलं, आठवड्यातून एकदा. गोळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने बरं वाटल्यानंतरही वर्षभर चालू ठेवली. बरं वाटलं की लगेच बंद करायची घाई बहुतेक घरांत होते, आणि आजार परत येतो.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर फॅमिली डॉक्टरला स्पष्ट सांगा की मनाबद्दल विचारायचंय. केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. जीव द्यायचं बोलणं निघालं असेल तर वाट बघू नका, माणसाला एकटं सोडू नका आणि घरातल्या गोळ्या आजच कुलपात ठेवा. ब्यूरोतून मावशी ठेवली असेल तर तिला फक्त डायपर आणि आंघोळ सांगू नका. कोणत्या गोष्टी बघायच्या ते समजावून सांगा, वही द्या, आणि ती जे सांगेल ते ऐका.

आजोबा पुढे नऊ वर्षं होते. शेवटपर्यंत कंबर दुखते म्हणून यायचे, मलम घेऊन जायचे. पण आत येण्याआधी बाहेर सिस्टरशी अर्धा तास गप्पा व्हायच्या, आणि मला पेशंटची रांग थांबवून त्यांना हाक मारावी लागायची.